फोटोतला मानपान

लग्नाचा सीझन सुरू झाला की इन्स्टाग्रामवर एक ठरावीक फोटो हमखास दिसायला लागतो. जुन्या वाड्याचा चौक किंवा हॉटेलची लॉबी. मधोमध मखमली सोफा. नवरी त्यावर जरा तिरकी बसलेली. एक मैत्रीण सोफ्याच्या हाताला टेकलेली, दुसरी खाली गालिच्यावर, दोघी मागे उभ्या, आणि एक खांबाला रेलून भलतीकडेच बघतेय. सगळ्यांचे कपडे एकमेकांशी जुळणारे, पण कुणाचाच दुसरीसारखा नाही. हसत कुणीच नाही. कॅमेऱ्याकडे बघणारी एखादीच. हा लग्नाचा फोटो आहे की मासिकाचं मुखपृष्ठ, असा प्रश्न पडावा. फोटोग्राफरला नेमकं तेच हवं असतं.

आता आईबाबांचा अल्बम उघडा. स्टेजवर दोन मोठ्या खुर्च्या, मागे जरीचा पडदा. "मुलाकडचे या", "आता मामाकडचे या", असं कुणीतरी ओरडतंय आणि रांगेतली माणसं पाच-पाच सेकंद उभी राहून जेवायला पळतायत. सगळे सरळ रेषेत, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्यावर, निम्म्यांचे मिटलेले.

या दोन फोटोंच्या मध्ये नक्की काय घडलं? मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे कुठलीही गोष्ट आवडली की तिची जुनी व्हर्जन्स उकरायची खोड लागली आहे. या फोटोचीही उकरली. वाटलं होतं फार तर दहा-पंधरा वर्षं मागे जावं लागेल. पोचले चारशे वर्षं मागे. आणि प्रत्येक व्हर्जनमध्ये तोच एक प्रश्न सापडला: कोण कुठे बसणार? आपल्याकडे लग्नाच्या बाबतीत या प्रश्नाला फार जुना शब्द आहे. मानपान.

सगळ्यात जवळच्या व्हर्जनपासून सुरुवात करू. एप्रिल १९९५. अमेरिकेतल्या 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने हॉलिवूड विशेषांक काढला. मुखपृष्ठावर एक नाही, दहा अभिनेत्री. निकोल किडमन, उमा थर्मन, ज्युलियन मूर, अँजेला बॅसेट, सँड्रा बुलक वगैरे. फोटो ॲनी लिबोवित्झ यांचा. हा फोटो एका पानात मावणारा नव्हता, म्हणून मुखपृष्ठ तीन घड्यांचं केलं. उघडलं की लांबलचक पट्टी. कुणी बसलेली, कुणी उभी, कुणी रेललेली. पुढे दरवर्षी असा अंक निघत राहिला, आणि जगभरच्या वेडिंग फोटोग्राफरांनी तो नमुना उचलला. आजही कित्येक फोटोग्राफर ग्राहकाला सांगताना थेट "व्हॅनिटी फेअर स्टाइल" असंच म्हणतात.

पण त्या घडीमध्ये एक गोम आहे. मासिक स्टॉलवर ठेवलेलं असताना ते उघडलेलं नसतं. दिसतो फक्त पहिला भाग. म्हणजे ज्या तिघी-चौघी पुढच्या पानावर, त्या 'मुखपृष्ठावर' आहेत. बाकीच्या तांत्रिकदृष्ट्या आहेत, पण अंक विकत घेऊन उलगडला तरच दिसणार. या मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं एक टीका होत राहिली. पुढच्या पानावर बहुतेक गोरे चेहरे आणि कृष्णवर्णीय कलाकार घडीच्या आत. २०१० साली तर 'नवं हॉलिवूड' म्हणून नऊ तरुण अभिनेत्री छापल्या आणि नऊच्या नऊ गोऱ्या निघाल्या. तेव्हा बराच गदारोळ झाला. फोटो सुंदर होता यावर कुणाचाच वाद नव्हता. वाद बैठकीवरून होता.

लिबोवित्झच्या मागे जाऊ. १९४८ साली सेसिल बीटन या इंग्रज फोटोग्राफरने 'व्होग'साठी न्यूयॉर्कमध्ये एक फोटो काढला. शाही थाटाचा दिवाणखाना, आणि त्यात आठ मॉडेल्स, सगळ्या चार्ल्स जेम्स या डिझायनरच्या पायघोळ बॉलगाउनमध्ये. एक पाठमोरी, एक बाजूने, एक आरशाकडे, दोघी आपसांत बोलल्यासारख्या. फोटो बघताना वाटतं, आपण चुकून एखाद्या मेजवानीत डोकावलो आणि कुणाचं आपल्याकडे लक्षच नाही.

कॅमेऱ्याकडे न बघण्याची ही अदा मला आधी नुसती ऐट वाटायची. पण तिच्यामागे साधं व्यवहाराचं कारण आहे. मासिकाला गाउन दाखवायचे होते. आठही जणी समोर तोंड करून उभ्या केल्या तर आठ गाउनच्या फक्त पुढच्या बाजू दिसणार. पाठीवरची चूण, कमरेचा कट, मागचा घोळ कसा कळणार? म्हणून एकीला वळवायचं, दुसरीला बसवायचं. माणसांची मांडणी कपड्यांच्या सोयीने झाली. आज नवरीची मैत्रीण खांबाला रेलून दूर बघते, तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ दिसावी हा हिशेब त्यात असतोच.

त्याच सुमारास, १९४७ मध्ये, अर्व्हिंग पेनने अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त फोटो निघणाऱ्या बारा मॉडेल्सना एका फ्रेममध्ये बसवलं होतं. झगमगीत दिवाणखाना नाही, साधा स्टुडिओ, करडी पार्श्वभूमी. त्यातली लिसा फॉन्साग्रिव्ह्ज आणि पेन यांनी पुढे १९५० साली लग्न केलं. फॅशनच्या ग्रुप फोटोचा लग्नाशी असा थेट संबंधही आहे म्हणायचा!

बीटनचा तो फोटो पाहून जाणकारांना आठवतं ते त्याच्याही ९३ वर्षं आधीचं एक तैलचित्र. १८५५, फ्रान्स. विंटरहाल्टर या चित्रकाराने सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या आठ सख्यांचं भलंमोठं चित्र काढलं. झाडांच्या सावलीत नऊ बायका, फुगीर रेशमी झग्यांचा नुसता ढग. सिंहासन नाही, दरबार नाही. पण नीट बघितलं तर युजेनी बाकीच्यांपेक्षा किंचित वर बसलेली आहे आणि सगळ्या झग्यांच्या लाटा तिच्याकडे वाहतायत. थाट मैत्रिणींच्या सहलीचा, मांडणी दरबाराची. लग्नातल्या त्या सोफा-फोटोची रचना इथेच जवळजवळ पूर्ण तयार आहे. नवरीच्या जागी सम्राज्ञी, एवढाच फरक.

आता आणखी मागे, सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समध्ये. इथे ना राणी ना मासिक. शहराच्या राखणदारीसाठी नागरिकांच्या तुकड्या असत. खातेपिते व्यापारी त्यात हौसेने सामील होत आणि तुकडीचं एकत्र चित्र काढून सभागृहात लावत. खर्च वर्गणीतून. रेम्ब्रांटचं १६४२ सालचं 'नाइट वॉच' हे असंच चित्र. त्याबद्दल तुकडीतल्या एकाने पुढे साक्ष दिली, तिची नोंद आजही आहे: सोळा जणांनी माणशी साधारण १०० गिल्डर दिले, कुणी कमी, कुणी जास्त, चित्रात ज्याची जशी जागा तसे.

मी ते वाचलं आणि हसूच आलं. विमानाची सीट निवडतानाचं पान आठवलं. पुढची रांग, जादा पैसे. पण एका अर्थी हा सगळ्यात सरळ व्यवहार होता. दर सगळ्यांना ठाऊक होता. मागच्या अंधारात फक्त नाक दिसतंय, तर पैसे त्या मानाने कमी.

ग्रुप जमवण्याचा वैतागही तेव्हापासूनचा. १६३३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका तुकडीने फ्रान्स हाल्सला चित्राचं काम दिलं. हाल्स राहायचा हार्लेमला, अंतर जेमतेम वीस किलोमीटर. त्याचं म्हणणं, बसायला तुम्ही इकडे या. तुकडीचं म्हणणं, तुम्ही तिकडे या. वाद इतका चिघळला की हाल्सने काम अर्धवट सोडलं आणि १६३७ साली पीटर कोड नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने उरलेली माणसं रंगवली. "सगळे आले का? काका कुठे गेले?" हे दुखणं कॅमेऱ्याच्याही आधीचं आहे.

कॅमेरा आल्यावर ते वाढलं. सुरुवातीच्या काळात एक फोटो निघायला बरेच सेकंद लागत. एकाने मान हलवली की त्याचा चेहरा पुसट. दहा जणांना एकदम स्थिर ठेवणं म्हणजे दिव्य. यावर कॅनडातल्या माँट्रियलच्या विल्यम नॉटमन या फोटोग्राफरने भारी युक्ती काढली. १८७० मध्ये तिथे बर्फाच्या रिंकवर वेषभूषेचा स्केटिंग-महोत्सव झाला. नॉटमनने त्या झगमगीत पोशाखातल्या माणसांना स्टुडिओत बोलावून एकेकट्याचे फोटो काढले, कात्रीने कापले, रंगवलेल्या रिंकच्या चित्रावर चिकटवले आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. लेयर्स, कट, पेस्ट, मर्ज. फोटोशॉपच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. त्या चित्रात कुणी कुणाच्या शेजारी उभं राहिलेलं नाही, तरी सगळे एका रात्री एकत्र होते असं वाटतं.

आजचे चकचकीत ग्रुप फोटोही बऱ्याचदा असेच बनतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. मोठा सॉफ्टबॉक्स आधी डावीकडच्या तिघींजवळ धरून एक फोटो, मग मधल्यांजवळ, मग उजवीकडे. नंतर कॉम्प्युटरवर ते सांधायचे. त्यामुळे प्रत्येकीला स्वतःचा दिवा मिळतो. एरवी एकाच दिव्यात मधले उजळतात आणि कडेचे काळवंडतात. वाइड लेन्स लावली तर कडेची माणसं ताणली जाऊन उगाच जाड दिसतात, हे आणखी एक. फोटोत कडेला उभं राहण्याची किंमत अशी लेन्सही वसूल करते. सांधताना कधी घोटाळेही होतात. 'व्हॅनिटी फेअर'च्या २०१८ च्या हॉलिवूड अंकातल्या फोटोंमध्ये ओप्रा विन्फ्रीला तीन हात आणि रीस विदरस्पूनला तीन पाय दिसतात म्हणून नेटवर धमाल उडाली होती. तिसरा पाय म्हणजे ड्रेसचं अस्तर आहे, असा खुलासा आला. त्याच मुखपृष्ठासाठी जेम्स फ्रँकोचाही फोटो काढला होता. त्याच्यावर आरोप झाल्यावर छपाईआधी त्याला डिजिटली पुसून टाकलं. जोडता येतं तसं काढताही येतं.

त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या प्रिन्स हॅरी आणि मेगन यांच्या लग्नाचे अधिकृत फोटो अलेक्सी लुबोमिर्स्की याने काढले. हा मुळात फॅशन फोटोग्राफर. विंडसरच्या दिवाणखान्यात राणीसकट सगळं कुटुंब आणि छोटी मुलंमुली त्याने एका फ्रेममध्ये बसवली. मुलांचं लक्ष वेधायला त्याने स्मार्टीजच्या गोळ्यांचं नाव काढलं, असं त्यानेच नंतर सांगितलं. बीटन फॅशनकडून राजघराण्याच्या फोटोंकडे गेला होता, तीच वाट. आणि राजवाड्यात जे चालतं ते हळूहळू मंगल कार्यालयात येतंच.

आपल्याकडची वाट मात्र थोडी वेगळी. १८८९ मध्ये राजा रविवर्म्याने म्हैसूरच्या महाराजांसाठी अकरा स्त्रियांचं एक चित्र काढलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या पोशाखातल्या, काहींच्या हातात वाद्यं. कुणी बसलेली, कुणी उभी, नजरा चहूकडे. रविवर्मा त्या अकराजणींना एकत्र आणतो तो त्यांच्या वेगवेगळ्या पेहरावांमधून. हॉलिवूड अंकाच्या शंभरेक वर्षं आधीचं आपलं घडीचं मुखपृष्ठच ते. देश नावाची गोष्ट एका फोटोत बसवायची तर कोणाला घ्यायचं, हा प्रश्न त्याने आपल्या परीने सोडवला.

पण प्रत्यक्ष घरातल्या बायकांना कॅमेऱ्यासमोर आणणं वेगळं. १८९२ मध्ये लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. चालवणारी बाई, आत पुरुषांना मज्जाव. म्हणजे तेव्हा प्रश्न जागेचा नव्हताच. बाईला फ्रेममध्ये पाऊल ठेवता येणं हीच मोठी गोष्ट होती.

आमच्या घरी पणजोबांच्या काळातला एक फोटो आहे. खुर्चीत पणजोबा, पगडी, हातात काठी. त्यांच्या दोन्ही बाजूंना भाऊ. मुलगे खाली जाजमावर. पणजी मागे उभी, अर्धी खांबाआड, चेहरा पुसट. ती हलली असणार. आणखी दोन बायका आहेत, त्या कोण ते आता घरात कुणालाच माहीत नाही. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का आहे. माणसांची नावं नाहीत.

तर अशी ही फॅशन-फोटोची वंशावळ: पैसे मोजून जागा, मग पदाने जागा, मग कपड्याने आणि चेहऱ्याने जागा. आपण लग्नात तो फोटो काढतो तेव्हा हे सगळं नकळत सोबत येतं. त्यात कपड्याचा निकष मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण तो निकष वाटतच नाही. "पेस्टल थीम आहे" एवढं म्हटलं की काम झालं. कुणाला वगळलं असं कुणी म्हणत नाही, फक्त काहीजण 'जुळत नाहीत'.

हे मला नीट कळलं ते गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात. फोटोग्राफरने आधीच मोबाइलवर नमुने पाठवले होते. नऊ जणींचा फोटो, सोफा, फिकट गुलाबी ते पिस्ता अशी रंगांची यादी. नावंही ठरली होती, त्यात मीही होते. आमची आत्या त्यात नव्हती. आत्याचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. बहिणीला लहानपणी आत्यानेच सांभाळलं. पण लग्नात आत्या हळदीला पुढे आली नाही, ओटी भरताना कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसली. तिला कुणी 'नको' म्हटलं नव्हतं. ती आपणहून बाजूला होते, आणि ती बाजूला झाली की सगळ्यांना सोपं जातं.

फोटोची वेळ झाली तेव्हा बहीण म्हणाली, "आत्याला बोलवा." आत्या म्हणाली, "माझं काय काम गं तिथे? आणि ही साडी तर बघ." साडी गडद जांभळी इरकल होती. बहिणीने शालू सावरला आणि स्वतः कोठीत गेली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्या तेव्हा आत्याच्या हातावर नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या होत्या.

फोटोग्राफर शहाणा होता. त्याने रंगांच्या यादीबद्दल चकार शब्द काढला नाही. आत्याला सोफ्याच्या डाव्या टोकाला बसवलं, तिच्यासाठी दिवा वेगळा घेतला आणि नवरीला तिच्याकडे किंचित झुकायला सांगितलं. आठ फिकट साड्यांच्या कडेला ती एक जांभळी. फोटोला त्यामुळेच वजन आलं.

महिन्याभराने अल्बमचा नमुना व्हॉट्सॲपवर आला. डिझाइन करणारा कुणी वेगळाच होता. कव्हरच्या मापात बसावं म्हणून त्याने फोटो डावीकडून कापला होता. आत्या गेली होती, सोफ्यावर टेकलेला तिचा हात तेवढा राहिला होता. त्याच्या दृष्टीने रंग छान जुळले होते. बहिणीने एका ओळीत उत्तर पाठवलं: "फोटो पूर्ण हवा, कव्हर लहान पडत असेल तर फोटो आत घ्या." फोटो आत गेला, दोन पानांवर, पूर्ण. कव्हरवर आता नुसती त्या दोघांची नावं आहेत.

'नाइट वॉच'चंही असंच झालं होतं. १७१५ साली ते चित्र ॲमस्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवायचं ठरलं. भिंतीवर दोन दारांमध्ये ते मावेना. मग चारही बाजूंनी कापलं. सगळ्यात मोठी पट्टी डावीकडची गेली, आणि तिच्यातली माणसंही. त्यांनी वर्गणी दिली होती की नाही याची त्या कात्रीला पडलेली नव्हती. ते तुकडे पुन्हा सापडले नाहीत.

२०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने हरवलेल्या कडा एआय वापरून पुन्हा तयार केल्या. माझ्या कामाच्या जवळचा विषय, म्हणून मी ते उत्सुकतेने वाचलं. यंत्राला रेम्ब्रांटची शैली शिकवता आली, पण कापलेल्या भागात नक्की काय होतं हे नुसत्या शैलीवरून कळणार नव्हतं. ते कळलं कारण मूळ चित्र अखंड असताना गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याची एक छोटी नक्कल करून ठेवली होती. ती नसती तर एआयने कडेला दिसायला झकास, पण मनचंच काहीतरी भरलं असतं. छापलेल्या पट्ट्या चित्राभोवती काही महिने लावल्या आणि मग उतरवल्या.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट आहे. मागच्या कमानीवर एक ढाल टांगलेली दिसते आणि तिच्यावर अठरा नावं आहेत. चित्र पूर्ण झाल्यानंतर कधीतरी ती रंगवली गेली. त्या ढालीमुळे आज आपल्याला कळतं की वर्गणी देऊन तिथे उभे राहिलेले ते कापडाचे व्यापारी आणि शहरातले गृहस्थ कोण होते.

तेव्हा तुमच्या घरी लग्न असेल तर सोफा आणा, रंग ठरवा, कॅमेऱ्याकडे बघू नका, सगळं करा. चारशे वर्षं लोक हौस करत आलेत, आपण का नाही करायची? फक्त फोटोग्राफरला यादी देताना एकदा कोठीच्या खोलीत कोण बसलंय ते बघून या. अल्बम छापायला जायच्या आधी न कापलेल्या मूळ फाइल्स मागून घ्या. आणि फोटो हातात आला की मागे पेनाने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, सगळ्यांची. मी बहिणीच्या अल्बममध्ये लिहिली आहेत. पहिलं नाव आत्याचं आहे, कारण ती डावीकडे बसली होती.